जाळीचा पाय आणि गेटवरची खुर्ची

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या कारखान्यात किस्से साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा घोटाभर! फरक एवढाच, की कीस भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून मीच ते सांगत सुटते, आणि सांगता सांगता माझाच पारा चढतो. आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. पण सगळं ऐका आणि मग तुम्हीच सांगा, येऊ नये का?

कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडवर. मालक अण्णा. त्यांच्या वडिलांचे यंत्रमाग होते. अण्णांनी मागाचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली, आणि मुलगा चेतन पुण्याहून एमबीए होऊन आल्यावर वरच्या मजल्यावर 'डिझाईन डिव्हिजन' निघाली. डिव्हिजन म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि मी.

माझं काम लॅटिस ऑप्टिमायझेशन. घाबरू नका, सोपं आहे. एखादा भरीव भाग घ्यायचा, त्यावर कुठून किती भार येतो ते सॉफ्टवेअरला सांगायचं. मग सॉफ्टवेअर आतला धातू काढून टाकतं आणि तिथे बारीक काड्यांची जाळी बसवतं. भार जास्त तिथे काड्या जाड, कमी तिथे बारीक. वजन उतरतं, ताकद राहते. हे गणित सुटायला सात-आठ तास लागतात. त्याला आम्ही 'रन' म्हणतो.

सांगोल्याला आईला हे सगळं फोनवर समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी भोकं पाडायची. त्ये शिकाया चार वर्सं लागली व्हय गं?"

आईवर कसलं रागवायचं!

*

या सगळ्याच्या मुळाशी आहे रज्जाकभाईंचा पाय.

रज्जाकभाई आमचे लेथवाले. सोलापुरात त्यांच्यासारखा हात नाही, हे मी नाही, त्यांच्यावर जळणारे लोक सांगतात. आठ वर्षांपूर्वी ट्रकमधून गज उतरवताना त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला. त्यातली नळी वर्षभरात वाकली. दुसरा कुणी नवीन पाय मागायला गेला असता. रज्जाकभाईंनी काय केलं? स्टोअरमधून पोलादाचा भरीव गज घेतला, लेथवर चढवला आणि स्वतःची नळी स्वतः कातली! नळी कसली, गजच तो. सव्वा किलोचा!

मी म्हटलं, "रज्जाकभाई, निदान आतून पोकळ तरी करायची!"

ते छाती काढून म्हणाले, "पोकळ क्या करना मॅडम? अपने हात का है. सॉलिड है!"

लेथवाल्याला भरीव म्हणजे मजबूत, यापलीकडे काही पटत नाही. आता तो सॉलिड पाय घालून दोन तासांच्या वर उभं राहवत नाही, मांडी भरून येते, तरी हट्ट सोडायचा नाही.

हे चेतनसरांनी पाहिलं. त्यांनी लगेच मीटिंग घेतली. "दिवाळीनंतर चाचांना गेटवर बसवू. रजिस्टर सांभाळतील. रिस्क कशाला?"

तीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला गेटवर! आणि खुर्ची तर महिनाभर आधीच आणून ठेवली. निळी, प्लॅस्टिकची, गेटच्या आत, रज्जाकभाईंना लेथवरून समोर दिसेल अशी. मी विचारलं, "सर, दिवाळीला अवकाश आहे, खुर्ची आतापासून कशाला?"

"त्यांना सवय होऊ दे ना!"

कुणाला राग येणार नाही, सांगा!

नेमकं त्याच महिन्यात पुण्याच्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. कृत्रिम पायासाठी हलकी नळी, लॅटिसची. मी एकच अट घातली. पहिला पाय आमच्या माणसाला बसवायचा, दिवाळी संपायच्या आत. संस्था हो म्हणाली. आता दिवाळीच्या आधी रन पूर्ण व्हायला हवी होती, बास. एवढंच. आणि तेवढंच कुणी होऊ देईना!

*

रन सुरू झाली की स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकत असते. मी तिच्यावर लक्ष ठेवून बसते. आकडे भलतीकडे जायला लागले तर थांबवायचं, सुधारायचं, पुन्हा लावायचं. हे डोळ्यांचं काम आहे. पण बघणाऱ्याला काय दिसतं? बाई बसलीये.

पहिल्याच दिवशी चेतनसर दारात उभे राहिले. "मॅडम, बटण तर दाबलं. आता तुमचं काम काय?"

मी म्हटलं, "सर, घरी भात शिजत असतो तेव्हा तुमच्या आईचं काम काय असतं?"

त्यांनी विचार केला. "काही नाही. उभी असते."

"मग जेवताना तिला हे सांगून बघा!"

दुसऱ्या दिवशी सर आले ते गाल फुगवून. काल त्यांनी खरंच सांगितलं होतं म्हणे!

*

अण्णांची गोष्ट वेगळी. अण्णा मनाने चांगले, पण मागवाल्याच्या घरातले. दुपारी एक वाजला की स्वतः उठून मेन स्विच खाली पाडतात. कारखाना बंद, पंखे बंद, सगळं बंद. पाऊण तासाने पुन्हा वर. वडिलांपासूनची पद्धत.

माझ्या कॉम्प्युटरची बॅटरी चालते वीस मिनिटं. जेवणाची सुट्टी पंचेचाळीस. सकाळी नऊला लावलेली रन रोज सव्वाएकच्या सुमाराला मरायची. मधलं काही सेव्ह होत नाही, पहिल्यापासून सुरू!

मी हात जोडून म्हटलं, "अण्णा, वरच्या खोलीचा स्विच तरी ठेवा."

"मॅडम, मशीनलापण विश्रांती लागते की! तुमी जेवता, ते नको?"

"अण्णा, ते जेवत नाही!"

"म्हणून तर गरम होतंय."

तीन दिवस, तीन रन. चौथ्या दिवशी नवी पेठेतून मी एक लिंबू आणि सात मिरच्या आणल्या, दोऱ्यात ओवल्या आणि सकाळी सकाळी मेन स्विचच्या दांड्याला बांधल्या. हळदीकुंकूही लावलं.

एक वाजता अण्णा आले. हात वर गेला. तसाच थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कुणी बांधलं हे?"

कुणालाच माहीत नव्हतं.

अण्णांनी चप्पल काढून नमस्कार केला, पुन्हा घातली आणि निघून गेले. आज चार महिने झाले, लिंबू वाळून खडा झालाय, पण त्या स्विचला दुपारी हात लागलेला नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं एकीकडे आणि सात मिरच्या एकीकडे!

*

रन पूर्ण झाली. मी खूश. रज्जाकभाईंना चित्र दाखवावं म्हणून खाली गेले, तर कसलासा धाड धाड आवाज.

हत्यारांच्या कपाटाचं दार अडकलं होतं. आणि रज्जाकभाई त्याला लाथा घालत होते. कुठल्या पायाने? उजव्या!

"हे काय करताय?"

"दार खोलतूं, मॅडम."

"पायाने?"

"हातोडा कौन ढूंढता? ये हमेशा पास रहता!"

चौकशी केली तर काय, गेली सात वर्षं हा माणूस स्वतःचा पाय हातोड्यासारखा वापरतोय! कपाट अडकलं, मार लाथ. लेथवर कातायचा तुकडा अडकला, मार लाथ. मोपेड सुरू होत नाही, मार लाथ. आणि मी मात्र सॉफ्टवेअरला फक्त सरळ चालण्याचा भार दिला होता. वरून खाली. बाजूच्या धक्क्याचं नावसुद्धा नाही. तशी नळी बनली असती तर पहिल्याच कपाटाला दुमडली असती!

माझं डोकंच फिरलं. "रज्जाकभाई! मी तुम्हाला तासभर विचारलं ना, पायावर दिवसभर काय काय येतं म्हणून? तुम्ही काय सांगितलं? 'कुछ नहीं मॅडम, चलतूं.'"

रज्जाकभाईंना माझ्या रागाचं नवल वाटलं. अगदी शांतपणे म्हणाले, "तुम चलने का पूछे. मारने का नई पूछे!"

गेली रन पाण्यात. बाजूचा धक्का घालून पुन्हा पहिल्यापासून. आणि यावेळी मी तो दोन वेगवेगळ्या बाजूंनी घातला, कारण माणूस कळला होता.

*

मध्येच आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा. त्या दिवशी कुठलंही यंत्र चालवायचं नाही, हे मला मान्य आहे, माझ्याही घरी नांगराला हात लावत नाहीत. पण माझी रन पहाटेपासून लावलेली, दुपारपर्यंत संपणार. मी गुपचूप फक्त मॉनिटर बंद केला. अंधार स्क्रीन, सगळ्यांना वाटलं कॉम्प्युटर झोपलाय. आत पट्टी सरकतेय.

अण्णांच्या घरच्या, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्या ताट घेऊन वर आल्या, मागोमाग अण्णा. कीबोर्डला कुंकू. माऊसला कुंकू. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी झेंडूचा हातभर जाड हार काढला आणि कॉम्प्युटरच्या खोक्याला घातला. मागच्या बाजूने. पंख्यावरून!

"अक्का, तिथे नको, तिथून वारा येतो!"

"येऊ दे की, फुलं ताजी राहतील!"

दहा मिनिटांत पाकळ्या पंख्यात. पंख्याने एक घुर्र आवाज काढला, आणि कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडला. खोलीभर भाजलेल्या झेंडूचा वास. किती टक्के झाली होती म्हणता? एक्क्याण्णव!

मी कपाळाला हात लावून बसले. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे, आणि त्यांना सगळं कळलं.

"बघा मॅडम! आज चालवलं ते देवाला पण खपलं नाही!"

*

दसऱ्यानंतर रन एकदाची पूर्ण झाली. चेतनसरांना संस्थेपुढे प्रेझेंटेशन करायचं होतं. (करायचं त्यांनी. नाव स्लाइडवर त्यांचं. माझं नाव शेवटी 'टीम'मध्ये. असो. तो वेगळा राग आहे.)

रनच्या निकालात नळी रंगीत दिसते. जिथे ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळी. सरांनी मला बोलावलं.

"मॅडम, हा लाल फार डोळ्यांत येतोय. निगेटिव्ह वाटतं. हिरवा करा ना."

"सर, तिथे ताण जास्त आहे म्हणून लाल आहे. पण मर्यादेत आहे."

"तेच म्हणतोय. मर्यादेत आहे तर हिरवा करायला काय हरकत?"

"सर, उद्या तुम्हाला ताप आला तर थर्मामीटरला रंग देणार का?"

ते हसले. मला वाटलं, समजले. प्रेझेंटेशनच्या दिवशी पाहते तर पूर्ण नळी हिरवीगार! स्वतः बसून रंगवलेली! संस्थेचे डॉक्टर चष्मा सावरत म्हणाले, "यावर भार येतच नाही का कुठे?"

चेतनसर अभिमानाने म्हणाले, "अजिबात नाही!"

"मग माणूस उभा कशावर राहणार?"

मी मागच्या रांगेतून उठले आणि माझ्या पेनड्राइव्हमधली लाल-निळी नळी लावली. पुढचा अर्धा तास मीच बोलले. तेवढं बरं झालं.

*

आता मानेकाका. मंगळवेढ्याचे. माळ घातलेले, सरळमार्गी, आणि आमचे इन्स्पेक्शनवाले. खिशात कायम लाल मार्कर. त्यांची पद्धत ठरलेली. ओतीव भागात भोक दिसलं की आधी त्यात बोट घालून बघायचं, मग लाल फुली मारायची आणि एकच शब्द, "रिजेक्ट." समोर अण्णा असोत की ब्रह्मदेव!

आधी प्लॅस्टिकचा नमुना थ्री-डी प्रिंटरवर छापून आला. संस्थेला दाखवून होकार घ्यायचा आणि मग धातूत छापायचं. मी नमुना मानेकाकांच्या टेबलावर ठेवला आणि सांगोल्याला गेले, एका दिवसासाठी. एका दिवसासाठीच फक्त!

परत आले तर नमुना गुळगुळीत. भरीव. एकही छिद्र नाही.

"मानेकाका, जाळी कुठाय?"

"बुजीवली," काका हळू आवाजात म्हणाले. "मॅडम, म्या बगितलं तर समदी भोकंच भोकं. बोट घालाया बी जागा पुरंना. रिजेक्टच माराय पायजे व्हतं. पर म्हनलं, लेकीनं रातंध्याड खपून केलंय, तिची इज्जत जाया नगं. म्हनून दिवसभर बसून लांबी भरली, घासली, पालिश केली. आता बगा, कुटं भोक ऱ्हायलंय का!"

लांबी! दारा-खिडक्यांच्या भेगांत भरतात ती! माझ्या जाळीच्या प्रत्येक छिद्रात!

मी ओरडले. खूप ओरडले. काकांचे डोळे पाणावले तेव्हा कुठे थांबले, आणि मग मलाच वाईट वाटलं. दाभण घेऊन तीन दिवस आम्ही दोघं ती लांबी कोरत बसलो.

कोरता कोरता काकांना समजावत होते, पण पटेना. पोकळ म्हणजे कच्चं! शेवटी रज्जाकभाईंनी घरून मटणाची नळी धुऊन आणली, करवतीने उभी कापली आणि आतली जाळी दाखवली. "देखो माने, अल्लाने बी सॉलिड नई बनाया."

स्वतः सॉलिड गज घालून हिंडणाराच हे सांगत होता! पण माळकरी माने नाकाला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून उभे. बघायलाच तयार नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच गावाकडून ज्वारीचं धाट घेऊन आले. विळ्याने तिरकं कापलं. बाहेर कडक साल, आत हलकं पांढरं भेंड.

"एवढं मोठं कणीस डोक्यावर घिऊन वाऱ्यात उभं ऱ्हातंय," ते धाटाकडे बघत म्हणाले. "आन आत बगा, काय बी न्हाय. म्या जलमभर कापतुया, पर ह्ये डोस्क्यात आलं न्हवतं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी भोकं असलेल्या वस्तूवर 'ओके' लिहिलं.

*

धातूची नळी छापून झाली. संस्थेने ती मशीनवर दाबून, वाकवून, आपटून पाहिली आणि पास केली. दिवाळीच्या सुट्टीत रज्जाकभाई पुण्याला जाऊन नवा पाय बसवून आले. मला त्यांनी फोनसुद्धा केला नाही. मी सुट्टीभर चिडून बसले होते.

भाऊबीजेनंतर कारखाना उघडला. अण्णा नारळ घेऊन गेटपाशी उभे. शेजारी अक्का, मानेकाका, मी. आणि चेतनसर, हातात कोरं रजिस्टर घेऊन, त्या निळ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

रज्जाकभाई आले. चालत. पाय ओढत नव्हते. बाहेरच्या रस्त्यावरून गेटपर्यंत आले आणि गेटच्या पट्टीवरून पाय उचलून आत आले, तुमच्याआमच्यासारखे. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला काय होत होतं ते सांगत नाही.

चेतनसरांनी पाहिलं. त्यांनाही दिसलंच असणार. पण ठरलं ते ठरलं! रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाले, "या चाचा. आजपासून इथे. बसा निवांत."

रज्जाकभाईंनी रजिस्टर घेतलं नाही. खुर्चीभोवती एक सावकाश चक्कर मारली. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, बाजू का धक्का डाले थे ना?"

"घातलाय."

"पक्का?"

"दोन बाजूंनी."

त्यांनी मान हलवली, डावा पाय नीट रोवला आणि उजवा उचलला.

खुर्ची उडाली ती थेट गेटच्या लोखंडी खांबावर! तिथे आपटली, उलटी झाली आणि गरगरत मानेकाकांच्या पायाशी येऊन पडली. रज्जाकभाईंनी वाकून पँट झटकली आणि सरळ आत गेले. क्षणभराने लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

चेतनसरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हातातल्या नारळाकडे बघत होते.

मानेकाका खाली बसले. खुर्ची सरळ केली. बैठकीला मधोमध भगदाड पडलं होतं, त्यात त्यांनी बोट घालून पाहिलं. मग खिशातून लाल मार्कर काढला, टोपण दाताने उघडलं आणि खुर्चीच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली.

"रिजेक्ट."